ताठरतेसाठी शॉकवेव्ह: मशीन कुठलं, डोस किती, उपयोग कुणाला

धन्वंतर:

मुतखड्याच्या धाग्यावरची चर्चा घसरत घसरत ताठरतेच्या, म्हणजे लिंग पुरेसं ताठ न होण्याच्या तक्रारीवरच्या, शॉकवेव्हपर्यंत आली आणि तिथे दोन भलत्याच वेगळ्या मशिनांची सरमिसळ व्हायला लागली. म्हणून हा वेगळा धागा. 'ना गोळी, ना सुरी, सहा सेशनमध्ये फरक' असल्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या असतील. उपचार थोतांड नाही. पण ज्या उपचाराचे अभ्यास छापून आले आणि जो पॅकेज लावून विकला जातो, ते पुष्कळदा एकच नसतात.

शरीराबाहेरून लहर सोडून मुतखडा फोडण्याची सुरुवात १९८० साली म्युनिकला झाली. तीच लहर फार कमी ताकदीने दिली तर पेशी फुटत नाहीत, त्यांना नुसता ताण बसतो. त्या ताणामुळे रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि नव्या वाहिन्या फुटायला मदत करणारे घटक सुटतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं. माणसात नेमकं हेच घडतं का, याचा पुरावा बराच विरळ आहे. जाहिरातीतलं 'नव्या रक्तवाहिन्या तयार होतात' हे वाक्य उंदरांच्या प्रयोगांतून आलेलं आहे, हे लक्षात असू द्या.

ताठरतेसाठी हे पहिल्यांदा इस्रायलमध्ये झालं. हैफाच्या रंबाम रुग्णालयातल्या योराम वार्दी यांच्या गटाने २०१० साली २० पुरुषांवरचा अभ्यास छापला. त्यांनी वापरलेला डोस आजही बहुतेक अभ्यासांचा पाया आहे, म्हणून सविस्तर देतो:

ऊर्जेची घनता दर चौरस मिलिमीटरला ०.०९ मिलीज्यूल. जागा पाच: लिंगाच्या दांड्यावर तीन (मुळाशी, मधोमध, टोकाकडे) आणि दोन क्रुरांवर, म्हणजे लिंगाची मुळं जिथे ओटीच्या हाडाला चिकटतात तिथे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. प्रत्येक जागी ३०० शॉक, म्हणजे एका बैठकीला १५००. वेग मिनिटाला १२०. आठवड्याला दोन बैठका असे तीन आठवडे, मग तीन आठवडे काहीच नाही, मग पुन्हा तीन आठवडे. एकूण १२ बैठका, १८,००० शॉक.

१५०० शॉक मिनिटाला १२० ने द्यायचे तर निव्वळ साडेबारा मिनिटं लागतात. जागा बदलणं, जेल लावणं धरून वीसेक मिनिटं. 'पाच मिनिटांत मोकळे' असं कुणी सांगत असेल तर एक तर शॉक कमी आहेत, नाही तर मशीन दुसरंच आहे. मशिनाबद्दल सोल्डरगन यांनी लिहावं, ते याच धंद्यातले आहेत.

सोल्डरगन:

लिहितो. बाजारात 'शॉकवेव्ह' या एकाच नावाखाली दोन जाती आहेत.

पहिली फोकस्ड. भिंगातून ऊन एका ठिपक्यावर यावं तशी लहर त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटते. ही तयार करायच्या तीन पद्धती आहेत. इलेक्ट्रोहायड्रॉलिकमध्ये पाण्यात दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पडते आणि वाटीसारखा परावर्तक ती लहर पुढे एकवटतो. वार्दी यांचं मशीन या जातीचं होतं. इलेक्ट्रोमॅग्नेटिकमध्ये कॉइलमधून झटका गेला की धातूचा पडदा उसळतो. पिझोइलेक्ट्रिकमध्ये अंतर्वक्र वाटीवर पुष्कळ स्फटिक बसवलेले असतात आणि ते सगळे एकदम फुगतात.

दुसरी जात रेडियल. हॅंडपीसच्या नळीत एक छोटी धातूची गोळी असते. कॉम्प्रेसरच्या हवेने ती पुढे फेकली जाते आणि टोकावरच्या टोपीवर आपटते. त्या आपटण्याचा दाब त्वचेवर सगळ्यात जास्त असतो, आत जाल तसा पसरत आणि विरत जातो. भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ही शॉकवेव्ह नव्हेच, दाबलहर आहे. फोकस्डमध्ये दाब नॅनोसेकंदांत चढतो आणि शंभर ते हजार बारच्या घरात जातो. रेडियलमध्ये चढायला मायक्रोसेकंद लागतात आणि दाब एक ते दहा बारच्या आसपास राहतो. टाचदुखी, टेनिस एल्बो यांसाठी रेडियल फिजिओथेरपीत रोज वापरलं जातं आणि तिथे त्याला जागा आहे. पण ०.०९ चा आकडा त्याला लावता येत नाही.

ओळखायचं कसं? स्क्रीन बघा. रेडियल मशीन 'बार' आणि 'हर्ट्झ' दाखवतं. फोकस्ड मशीन मिलीज्यूलमध्ये किंवा कंपनीच्या लेव्हलमध्ये दाखवतं, आणि लेव्हल असेल तर मॅन्युअलमध्ये लेव्हलवरून मिलीज्यूल काढायचा तक्ता असतो. तो तक्ता दाखवा म्हणावं. आवाजही वेगळा. रेडियल सेकंदाला १०-१५ ठोके सहज मारतं, ड्रिलसारखा सलग खडखडाट येतो. १५ हर्ट्झला १५०० ठोके १०० सेकंदांत संपतात! फोकस्डमध्ये सेकंदाला दोन-चार सुट्या टिचक्या ऐकू येतात. आणि कोपऱ्यात कॉम्प्रेसर घुरघुरत असेल तर बाकी काही विचारायची गरजच नाही.

खडूस:

म्हणजे गल्लीतल्या 'मेन्स वेलनेस' वाल्याकडे कुठलं असणार ते सांगायला ज्योतिषी नको. किमतीत फरक किती असतो पण?

सोल्डरगन:

रेडियल पुष्कळ स्वस्त, देखभालही सोपी. अमेरिकेत तर रेडियल मशीन औषध प्रशासनाच्या सगळ्यात सौम्य वर्गात, मसाजरच्या पंगतीत बसतं आणि फोकस्ड सगळ्यात कडक वर्गात. त्यामुळे तिथेही डॉक्टर नसलेल्या दुकानांत रेडियलच सापडतं.

झिजेबद्दलही लिहितो, कारण हे कुणी विचारत नाही. रेडियलच्या हॅंडपीसमध्ये गोळी, तिची नळी आणि ओ-रिंगा झिजतात. साधारण दहा लाख ठोक्यांनंतर हे सगळं किटमधून बदलायचं असतं. बदललं नाही तर स्क्रीनवर ३ बार दिसतात आणि टोकाशी त्याहून कमी पोचतं. इलेक्ट्रोहायड्रॉलिकमध्ये इलेक्ट्रोडची टोकं ठिणगीने झडतात, मधलं अंतर वाढतं, एक शॉक जोरात तर दुसरा पोकळ असा प्रकार सुरू होतो. त्या इलेक्ट्रोडला ठरावीक शॉकांचं आयुष्य असतं आणि तो महाग असतो, म्हणून तो मुदतीपलीकडे ओढण्याचा मोह होतो. पिझो सगळ्यात टिकाऊ. पुढच्या पाण्याच्या उशीत हवेचा बुडबुडा अडकला तर मात्र फोकस्डची कुठलीही जात आंधळी होते. मशीनमध्ये एकूण शॉकांचा काउंटर असतो, मेनूत दोन बटणं दाबली की दिसतो. शेवटची सर्व्हिस कितीव्या शॉकला झाली, हे विचारण्यात लाजायचं काही कारण नाही.

गोधडी:

फिजिओच्या बाजूने भर घालते. हवा हा खरा शत्रू. हवेच्या थरावरून लहर जवळजवळ सगळी परत फिरते, पलीकडे काही जात नाही. तिथले केस हवा धरून ठेवतात, म्हणून ते ट्रिमरने बारीक करून यायचं. वस्तरा नको, ओरखडे पडतात आणि ओरखड्यावर हॅंडपीस टेकवायचा नसतो. जेल सोनोग्राफीचंच, पण पातळ फासायचं नाही, ढीग घालायचा. संपत आलेली बाटली पिचकारली की जेलमध्ये फेस होतो. बाटली आधीपासून उलटी ठेवावी, नाही तर मोठ्या डब्यातून एकदम जेल काढावं. कंडोम चढवून वरून शॉक देणारेही असतात. आत-बाहेर दोन्हीकडे जेल नीट भरलं तर ठीक, नाही तर मधला हवेचा पापुद्रा सगळं अडवतो.

दांड्यावर देताना लिंग टोकाकडून धरून ताणलेलं ठेवावं लागतं. सैल सोडलं तर प्रत्येक ठोक्याला जागा सरकते आणि शॉक कॉर्पोरामध्ये, म्हणजे रक्ताने भरून लिंग ताठ करणाऱ्या आतल्या नळ्यांमध्ये, न जाता बाजूला जातात. मूत्रनलिका खालच्या बाजूला असते, म्हणून हॅंडपीस वरून किंवा कडेने, खालून नाही. क्रुरांसाठी पाय फाकवून, वृषण वर उचलून धरायचे आणि वृषण व गुदद्वार यांच्या मधल्या जागेत मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, ओटीच्या हाडाच्या कडेला टेकवायचं. वृषणांवर शॉक द्यायचा नाही. हे क्रुरांचं बऱ्याच ठिकाणी गाळलंच जातं, कारण रुग्णालाही अवघडल्यासारखं होतं आणि देणाऱ्यालाही. पण कॉर्पोराचा बराच भाग आतच असतो, आणि पाचापैकी दोन जागा तिथल्या आहेत.

धन्वंतर:

गोधडी, क्रुरांचा मुद्दा फार मोलाचा. त्यात आणखी एक: क्रुरा त्वचेपासून खोल असतात, लठ्ठ माणसात आणखीच खोल. फोकस्ड मशीनला खोली बदलायच्या उशा मिळतात. दांड्यासाठीची उशी क्रुरांना तशीच वापरली तर फोकस चरबीत पडतो. रेडियल तर तिथवर पोचेपर्यंत थकलेलंच असतं.

भूल लागत नाही. टिचकी मारल्यासारखं वाटतं. खरंच दुखत असेल तर ताकद जास्त आहे किंवा जेल कमी, तिथे थांबून बघायचं. 'दुखतंय म्हणजे लागू पडतंय' हे इथे चुकीचं. बैठकीनंतर थोडी लाली किंवा बारीक निळे डाग पडले तर ते दोन-चार दिवसांत जातात. लघवीत रक्त दिसलं किंवा मोठी सूज आली तर पुढची बैठक रद्द करून दाखवायचं.

कुणाला द्यायचं नाही: रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनसारख्या गोळ्या चालू असलेले, रक्त गोठण्याचा आजार असलेले, त्या भागात गाठ, जंतुसंसर्ग, नागीण किंवा उघडी जखम असलेले, आणि लिंगात इम्प्लांट बसवलेले. पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. ओटीपोटात रेडिएशन झालेल्यांना बहुतेक अभ्यासांतून वगळलं होतं, त्यामुळे त्यांना 'तुम्हालाही होईल' असं सांगणं म्हणजे अंधारात तीर.

अळीमिळी:

लिंग वाकडं असेल तर? पेरोनीसाठीही (लिंगाला बाक येतो तो आजार) हेच करतात असं वाचलं.

धन्वंतर:

पेरोनीत शॉकवेव्हने दुखणं कमी होऊ शकतं, बाक सरळ होत नाही. युरोपियन मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात. बाकासाठी कुणी पॅकेज देत असेल तर नमस्कार करून निघावं.

पीव्हॅल्यू:

आता आकड्यांचं. ताठरता मोजायला आयआयईएफ प्रश्नावली वापरतात. तिच्या ताठरतेच्या भागात ६ प्रश्न, कमाल ३० गुण. २६ आणि वर म्हणजे ठीक, २२ ते २५ सौम्य, १७ ते २१ सौम्य-मध्यम, ११ ते १६ मध्यम, १० आणि खाली तीव्र. क्लिनिकमध्ये बहुतेकदा पाच प्रश्नांची छोटी प्रश्नावली भरून घेतात, तिची कमाल २५ आणि टप्पे वेगळे. एकीचे गुण दुसरीच्या तक्त्यात बसवून 'सुधारणा' दाखवलेली पत्रकं फिरत असतात. आधी आणि नंतर एकच प्रश्नावली आहे ना, ते तपासा.

किती गुण वाढले की माणसाला खरा फरक जाणवतो? ठरलेला निकष असा: सौम्य असेल तर २, मध्यमला ५, तीव्रला ७. म्हणजे तीव्र तक्रारीत ३ गुणांची वाढ कागदावर छान दिसते, प्रत्यक्षात नाही.

वार्दी गटाचीच २०१२ ची खोट्या उपचाराशी तुलना केलेली चाचणी, ६७ पुरुष. खरा शॉक मिळालेल्यांचे सरासरी ६.७ गुण वाढले. खोटा हॅंडपीस दिसायला आणि आवाजाला हुबेहूब होता, आत धातूची पट्टी लहर अडवत होती. त्यांचेही ३ वाढले! या विषयातलं निम्मं शहाणपण त्या तीन गुणांत आहे. काहीच न देता तीन गुण मिळतात. तुलनेशिवाय 'आमच्या रुग्णांत एवढी सुधारणा' हा दावा म्हणून वाचायचाच नाही.

पुढे चित्र संमिश्र झालं. हाँगकाँगच्या २०१४ च्या चाचणीत एकंदर फरक ठळक आला नाही. डेन्मार्कमध्ये २०१७ साली १२६ पुरुषांना आठवड्याला एकदा असे पाच आठवडे ६०० शॉक दिले, फरक शून्य. उलट २०१६ मध्ये वार्दी यांच्याच सहकाऱ्यांनी, ज्यांना सिल्डेनाफिलसारख्या गोळीने काम होत नव्हतं अशांना शॉकवेव्ह देऊन पुन्हा गोळी दिली, तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत गोळी लागू पडायला लागली. खोट्या गटात एकातही नाही.

शून्यप्रहर:

डेन्मार्कचा निकाल वाईट आला म्हणून उपचारच फोल, असं नाही ना म्हणता येणार? डोस बघा: ६०० गुणिले ५ म्हणजे ३,००० शॉक. हैफाचे १८,०००. सहावा हिस्सा.

पीव्हॅल्यू:

बरोबर, आणि मशीनही वेगळ्या जातीचं, रेषेत लहर सोडणारं पिझो. म्हणूनच अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी जपून वाचावी लागते. पण हाच युक्तिवाद उलटाही लागतो. डेन्मार्कएवढाच किंवा त्याहून कमी डोस देऊन हैफाचे निकाल पत्रकात छापता येत नाहीत.

टिकण्याबद्दल: हैफाच्याच गटाने २०१८ मध्ये दोन वर्षांचा मागोवा छापला. सुरुवातीला ज्यांना फायदा झाला त्यांतल्या साधारण निम्म्यांचा फायदा दोन वर्षांनी टिकून होता. मधुमेह नाही आणि तक्रार सौम्य, अशांत ७६ टक्के. मधुमेह आणि तीव्र तक्रार असलेल्यांचा लवकर ओसरला. 'कायमचा इलाज' हे शब्द दिसले की हा परिच्छेद आठवा.

शून्यप्रहर:

मग अधिकृत संस्थांचं म्हणणं काय?

धन्वंतर:

अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याला प्रायोगिक ठरवलं. तिथल्या औषध प्रशासनाने ताठरतेसाठी एकाही शॉकवेव्ह मशीनला मान्यता दिलेली नाही. युरोपियन असोसिएशन थोडी मवाळ आहे: सौम्य, रक्तवाहिन्यांमुळे झालेली तक्रार असेल, किंवा गोळी पुरेशी लागू पडत नसेल, तर नीट समजावून देता येईल. पण त्यांनी स्वतःच या शिफारशीला कमकुवत असा शेरा मारला आहे.

अळीमिळी:

'रक्तवाहिन्यांमुळे झालेली तक्रार' हे ठरवायचं कसं? मधुमेहवाल्यांनी तर सरळ तसंच धरून चालायचं का?

धन्वंतर:

नाही, धरून चालायचं नाही. इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिला प्रश्न: पहाटे ताठरता येते का, हस्तमैथुनात येते का? तिथे व्यवस्थित आणि जोडीदाराबरोबरच अडत असेल तर वाहिन्या आणि नसा बहुधा शाबूत आहेत. अशा माणसाला शॉक देऊन काय दुरुस्त करणार? त्याला समुपदेशन आणि थोडे दिवस गोळीचा आधार जास्त कामाचा.

दुसरं, रक्त: उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड. टेस्टोस्टेरॉन सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा. दुपारी काढलेल्या एका नमुन्यावरून निदान करू नये. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोनदा आलं तर आधी त्याच्याकडे बघायचं, प्रोलॅक्टिनही करायचं.

तिसरं, चालू औषधं: जुन्या धाटणीचे बीटा-ब्लॉकर, थायाझाइड, नैराश्याच्या काही गोळ्या, केसांसाठीचं फिनास्टेराइड. स्वतःहून बंद करायची नाहीत, डॉक्टरांना पर्याय विचारायचा. आणि तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी. वाहिन्या आक्रसवणारी वस्तू रोज तोंडात ठेवून वाहिन्यांसाठी शॉक घेणं हा निव्वळ विनोद आहे.

चौथं, हृदय. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात. चाळिशी-पन्नाशीत हळूहळू सुरू झालेली तक्रार ही पुढच्या काही वर्षांतल्या हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. ईसीजी आणि रक्तदाब न बघता थेट शॉकवेव्हच्या टेबलावर घेणाऱ्याने ही सूचना कचऱ्यात टाकली.

मग लागलाच तर डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. तो साध्या अवस्थेत करून उपयोग नाही. अल्प्रोस्टॅडिल किंवा पॅपाव्हेरिनचं इंजेक्शन देऊन, ताठरता आल्यावर, दर पाच मिनिटांनी मोजतात. रक्त आत येण्याचा कमाल वेग सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या वर, हृदयाच्या विश्रांतीच्या क्षणीचा वेग ३ च्या खाली आणि रोधांक ०.८ च्या वर, तर वाहिन्या ठीक. कमाल वेग २५ च्याही खाली असेल तर धमनी अडलेली. कमाल वेग चांगला पण विश्रांतीचा वेग ५ च्या वर राहत असेल तर शिरांतून गळती. थंड खोली, दाराशी लोक, रुग्ण घाबरलेला, असं असलं की खोटी 'गळती' दिसते. डोस पुन्हा देऊन, एकांत देऊन मोजल्याशिवाय तो शिक्का मारू नये. आणि इंजेक्शननंतर ताठरता चार तास उतरली नाही तर रात्र असो की पहाट, थेट तातडीच्या विभागात. 'सकाळी बघू' म्हणणाऱ्याचं कायमचं नुकसान होतं.

खडूस:

एवढं सगळं करूनही पहिली पायरी गोळीच ना? मग लोक गोळीला एवढे का घाबरतात?

धन्वंतर:

गोळी पहिली पायरीच. आणि 'गोळी लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांतले पुष्कळ जण ती चुकीची घेत असतात. सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी, तासभर आधी. मटणाच्या जेवणावर घेतली तर शोषण लांबतं आणि जोरही घटतो. टॅडालाफिलला जेवणाचं एवढं बंधन नाही, पण त्याला दोन तास द्यावे लागतात. दोन्हींत इच्छा आणि स्पर्श लागतोच, गोळी घेऊन टीव्ही बघत बसलं तर काही होणार नाही. आणि पुरेशा ताकदीची गोळी सहा-आठ वेळा नीट घेतल्याशिवाय ती निकामी ठरवायची नाही.

एक गोष्ट मात्र ठळक: हृदयासाठी नायट्रेट औषधांवर असलेल्याने, त्यात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आलीच, या गोळ्या घ्यायच्या नाहीत. रक्तदाब कोसळतो. छातीत दुखून रुग्णालयात गेलात तर गोळी घेतली होती हे लाज न बाळगता सांगा. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॅप्सुलांत गुपचूप सिल्डेनाफिल घातलेलं सापडतं, तिथे तर माणसाला आपण काय घेतलंय हेच ठाऊक नसतं.

शून्यप्रहर:

कायद्याचं थोडं. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टात नपुंसकत्वाचं नाव आहे, म्हणजे त्यावर इलाजाची हमी देणारी जाहिरात हीच मुळात धोक्याची खूण. मशीनसाठी २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. आयात मशीनचा परवाना एमडी-१५ नमुन्यावर असतो. भारतात बनलेलं असेल तर वर्गाप्रमाणे एमडी-५ किंवा एमडी-९. परवान्यात उपकरणाचा 'उद्दिष्ट वापर' लिहिलेला असतो. तिथे स्नायू आणि सांध्यांचं दुखणं एवढंच असेल तर ताठरतेसाठीचा वापर परवान्याबाहेरचा. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर तसं करू शकतो, पण मग ते रुग्णाला सांगून, लेखी संमती घेऊन.

गोधडी:

+१. पैसे भरण्याआधी कागदावर लिहून मागायच्या गोष्टी: मशीनचं नाव आणि मॉडेल, फोकस्ड की रेडियल, ऊर्जेची घनता, जागा कुठल्या, प्रत्येक जागी शॉक किती, बैठका किती, शॉक कोण देणार. आणि पैसे बैठकीगणिक. बारा बैठकांचं पॅकेज आगाऊ भरून घेणाऱ्याला, आपल्याला मध्ये थांबावंसं वाटलं तर काय, हे आधी विचारा. तिथे उत्तराला आवंढा आला की समजायचं.

अळीमिळी:

शॉकवेव्हबरोबर पीआरपीचं (आपल्याच रक्तातून काढलेल्या, प्लेटलेट जास्त असलेल्या द्रवाचं) इंजेक्शन 'कॉम्बो' म्हणून देतात. स्वतःचंच रक्त, त्यामुळे धोका नाही म्हणे.

पीव्हॅल्यू:

धोका कमी असेल, उपयोगाचं काय? मायामी विद्यापीठाची चाचणी २०२३ मध्ये आली. महिन्याच्या अंतराने दोन इंजेक्शनं, एका गटाला पीआरपी, दुसऱ्याला नुसतं सलाइन. दोन्ही गटांत फरक नाही. कॉम्बोची आणखी एक गैरसोय: सुधारलंच तर कशाने, ते कळत नाही. मग पुढच्या वेळीही दोन्हींचे पैसे.

परिणाम तपासायचा असेल तर गोळी चार आठवडे बंद ठेवून प्रश्नावली भरा, मग उपचार, आणि शेवटच्या बैठकीनंतर एका महिन्याने व तीन महिन्यांनी तीच प्रश्नावली, त्याही वेळी गोळी न घेता. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला टेबलावरच विचारलेल्या 'काय, वाटतोय ना फरक?' या प्रश्नाचं उत्तर हिशेबात धरू नये. पैसे भरलेला माणूस 'हो' म्हणतोच.

नवा_गडी:

वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी खातं उघडलं. एका नातेवाइकांची रेडियलची सहा सेशनं झाली आहेत. वय ५८, मधुमेह १५ वर्षं, तक्रार तीव्र. फरक नाही. क्लिनिक म्हणतंय अजून सहा घ्या. फोकस्डकडे जावं का?

धन्वंतर:

आणखी सहा रेडियल नकोत. आणि तुम्ही लिहिलेली स्थिती पाहता फोकस्डकडूनही फार अपेक्षा ठेवू नयेत. वर दोन वर्षांचे आकडे आलेच आहेत, तीव्र तक्रार आणि मधुमेह हाच गट सगळ्यात मागे आहे. त्यांना यूरॉलॉजिस्टकडे न्या, एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी बघून. साखर, टेस्टोस्टेरॉन, हृदय हे आधी. नायट्रेट नसेल आणि हृदय धडधाकट असेल तर गोळी पूर्ण ताकदीने, वर लिहिलेल्या पद्धतीने.

तेवढ्याने भागलं नाही तर व्हॅक्यूम पंप. मुळाशी घालायची रिंग ३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि मधुमेहात संवेदना कमी असेल तर घड्याळ लावूनच. त्यापुढे लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टॅडिलचं इंजेक्शन. पहिला डोस दवाखान्यात, लहानात लहान मात्रेपासून वाढवत, आणि सुई कडेने, दर वेळी बाजू बदलून. त्यापुढे इम्प्लांट. मधुमेहात इम्प्लांटच्या आधी साखर आटोक्यात आणावीच लागते, जंतुसंसर्ग झाला तर ते काढावं लागतं. आधी शॉकवेव्ह झालं म्हणून इम्प्लांटला अडचण येत नाही, उलट क्रमाने मात्र चालत नाही.

आणि क्लिनिकने उरलेल्या सहांचे पैसे आधीच घेतले असतील तर मशीनचं मॉडेल आणि परवान्यातला उद्दिष्ट वापर लेखी मागा. बऱ्याचदा तेवढं पत्र गेलं की परताव्याची भाषा सुरू होते.